समुद्राखालचा कोळसा : व्हाइटहेवन नगरीची भेट

वाचकहो, १५ ऑगस्ट १९४७ हा दिवस कोणता, हे आपणांस सांगण्याची आवश्यकता नाही. त्या दिवशी गावोगाव तिरंगा फडकला, आणि जे आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिले ते आपण त्यांच्या तोंडून अनेकवार ऐकले आहे. त्या रात्री सव्वादहाच्या सुमारास, दिवसभराचा उत्सव आटोपून आपल्याकडे माणसे घरोघर परतत होती. नेमक्या त्याच घटकेला हजारो मैल दूर, इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरील व्हाइटहेवन या लहानशा बंदरगावात सायंकाळचे पावणेसहा वाजत आले होते. त्या वेळी तेथील विल्यम नावाच्या कोळशाच्या खाणीत, समुद्राच्या तळाखाली, स्फोट झाला आणि त्यात १०४ कामगार मृत्युमुखी पडले.

एकच तारीख, परंतु एका देशाच्या पंचांगात ती सणाची, तर एका गावाच्या पंचांगात श्राद्धाची. या योगायोगामुळेच व्हाइटहेवनचे नाव प्रथम मनात घर करून राहिले, आणि त्या गावाची ओळख आपणांस करून द्यावी असे वाटले. आता तेथे एकही खाण चालू नाही. तरीही ज्या देशात आजही विजेचा मोठा भाग कोळशावर निर्माण होतो, त्या देशातील वाचकाने या गावातून एक फेरी मारून यावी, इतके सांगण्यासारखे त्या गावापाशी निश्चित आहे. चला तर, आपण निघू.

बंदर कोळशासाठी, गाव बंदरासाठी

कार्लाइल या शहरातून निघालेली आगगाडी थोड्याच वेळात समुद्राची सोबत धरते. मेरीपोर्ट, वर्किंग्टन, हॅरिंग्टन अशी एकेक गावे मागे पडतात. एका बाजूस आयर्लंडच्या दिशेने पसरलेला करडा समुद्र आणि दुसऱ्या बाजूस उतरते कडे, यांच्यामधून रूळ गेलेला आहे. कोकणातला पाऊस पाहिलेल्या माणसाला येथील पाऊस किरकोळ वाटेल. परंतु वारा मात्र बोचरा, हाडांपर्यंत पोहोचणारा.

स्थानकातून बाहेर पडून बंदराकडे वळलात की पहिली गोष्ट आपल्या ध्यानी येईल ती रस्त्यांची. इंग्लंडमधील जुन्या गावांचे रस्ते सहसा नागमोडी असतात, पण येथे ते एकमेकांना काटकोनात छेदून जातात, जणू बुद्धिबळाचा पट मांडला आहे. याचे कारण हे गाव आपोआप वाढलेले नसून आखून वसविलेले आहे. लाउदर नावाच्या जमीनदार घराण्याची येथे मालकी होती. सन १६३०च्या दशकात सर ख्रिस्तोफर लाउदर यांनी कोळसा परदेशी धाडता यावा म्हणून येथे धक्का बांधला. पुढे सर जॉन लाउदर यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात गावाची पद्धतशीर आखणी केली. कोळसा मुख्यतः समुद्रापलीकडच्या डब्लिनला जाई. डब्लिनच्या चुली आणि शेकोट्या व्हाइटहेवनच्या कोळशावर पेटत, असे म्हणण्यास हरकत नाही. त्याच गलबतांनी पुढे अमेरिकेतील व्हर्जिनियाची तंबाखू आणि वेस्ट इंडीजची साखर आणली. काही काळ गुलामांच्या व्यापाराचे पापही या बंदराने आपल्या माथी घेतले.

इतिहासाची आवड असणाऱ्यांसाठी आणखी दोन खुणा सांगतो. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांची आजी मिल्ड्रेड हिचा मृत्यू १७०१ साली याच गावी झाला, आणि येथील सेंट निकोलस देवळाच्या आवारात तिला मूठमाती देण्यात आली. आणि याच बंदरात उमेदवारी केलेला जॉन पॉल जोन्स हा खलाशी अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात एप्रिल १७७८ मध्ये शत्रू म्हणून परत आला. त्याने तोफा निकामी केल्या आणि कोळशाचे एक जहाज पेटवून दिले. आगीचे नुकसान थोडे, पण गावाची घबराट मोठी!

पाण्याखाली उतरलेली माणसे

बंदराच्या दक्षिणेस कड्याच्या पायथ्याशी, लाटांच्या अगदी लगत, एका पडक्या दगडी इमारतीचे अवशेष दिसतात. त्यांच्याकडे पाहून कोणालाही तेथे थांबावेसे वाटणार नाही. परंतु आपण थांबू या, कारण ही सॉल्टम खाण होय. कार्लाइल स्पेडिंग या लाउदरांच्या कल्पक व्यवस्थापकाने १७२९ ते १७३१ या काळात येथे सुमारे ४५६ फूट खोल विहीर खणली, आणि तिच्या तळापासून समुद्राच्या खाली कोळसा काढण्यास प्रारंभ केला. समुद्राखालच्या खाणकामाची जी आरंभीची उदाहरणे सांगितली जातात, त्यांत या खाणीचे स्थान अग्रभागी आहे. झिरपणारे पाणी उपसण्यासाठी येथे वाफेचे इंजिन बसविले होते, आणि तेही जेम्स वॉटच्या इंजिनाच्या कितीतरी आधीचे, न्यूकोमेनच्या बनावटीचे.

आपण विचाराल, जमिनीखाली कोळसा असताना समुद्राखाली जाण्याचा हा अट्टहास कशासाठी? कारण सरळ आहे. कोळशाचे थर किनाऱ्यापाशी संपत नाहीत. ते उतरत उतरत समुद्राच्या तळाखाली जातात. जमिनीजवळचा सोपा कोळसा संपला की माणूस थराच्या मागोमाग निघतो. पुढे या गावच्या खाणी किनाऱ्यापासून चार-चार मैल आत पोहोचल्या. कामगार पिंजऱ्यात बसून खाली उतरे आणि मग डोक्यावर दगड, दगडावर समुद्र, समुद्रावर जहाजे, अशा स्थितीत कित्येक मैल पुढे जाऊन कामाला लागे.

तथापि पाण्याहून अधिक भय होते ते वायूचे. कोळशाच्या थरांत मिथेन वायू कोंडलेला असतो. थर फोडला की तो मोकळा होतो. हवेत त्याचे प्रमाण शेकडा ५ ते १५ झाले की एक ठिणगी पुरते. इंग्रज खाणकामगार त्याला ‘फायरडॅम्प’ म्हणत. भाषांतर करणाऱ्याला हा शब्द हमखास फसवितो. ‘डॅम्प’ म्हणजे ओल असे समजून तो चुकीच्या वाटेला लागतो. वस्तुतः हा शब्द वाफ या अर्थाच्या जुन्या जर्मन शब्दाशी नाते सांगणारा आहे. स्फोटानंतर उरणाऱ्या विषारी वायूला ते ‘आफ्टरडॅम्प’ म्हणत. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. ना त्याला वास, ना रंग. स्फोटातून वाचलेला मनुष्य पुष्कळदा या दुसऱ्या शत्रूला बळी पडे.

मेणबत्तीच्या उघड्या ज्योतीवर खाणीत काम करणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण. म्हणून स्पेडिंगने ‘स्टील मिल’ नावाचे एक यंत्र शोधून काढले. दाते असलेले पोलादी चाक गारगोटीवर घासून फिरवावयाचे, आणि उडणाऱ्या ठिणग्यांच्या उजेडात दुसऱ्याने कोळसा फोडावयाचा! ज्योतीपेक्षा ठिणगी कमी धोक्याची, असा त्या काळचा समज होता. तो पुरता खरा नव्हता. खाणीतून हवा खेळविण्याच्या पद्धतीतही स्पेडिंगने मोलाच्या सुधारणा केल्या. आणि अखेर १७५५ साली तो स्वतः खाणवायूच्या स्फोटातच मरण पावला. याच गावचे वैद्य विल्यम ब्राउनरिग यांनी खाणवायूचा शास्त्रीय अभ्यास केला. त्यासाठी तो वायू नळीने आपल्या प्रयोगशाळेपर्यंत आणविला, अशी नोंद आहे. त्यांना १७६६ मध्ये रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक मिळाले. खाणीत मरणाऱ्या मजुरांमुळे विज्ञानाची एक शाखा जन्मास येत होती, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

आया आणि लेकरे

आपले हे मासिक घरातील सर्वांच्या हाती पडते. म्हणून एक गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. दीर्घकाळपर्यंत ब्रिटनमधील खाणींत पुरुषांबरोबर स्त्रिया आणि मुलेही काम करीत. हवा खेळती ठेवणाऱ्या दारांपाशी लहान पोरे तासन्‌तास अंधारात बसत. गाडी आली की दार उघडावयाचे आणि गेली की लावावयाचे, एवढेच त्यांचे काम. मुलांच्या कामाची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल १८४२ मध्ये चित्रांसह प्रसिद्ध झाला, तेव्हा देश हादरला. त्याच वर्षी कायदा होऊन स्त्रियांना व १० वर्षांखालील मुलांना भूमिगत कामास बंदी करण्यात आली. दहा वर्षांच्या मुलाला मात्र मोकळीक राहिली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

स्त्रिया खाणीतून वर आल्या, पण खाणीपासून दूर गेल्या नाहीत. वर आलेल्या कोळशातून दगड वेचून काढण्याचे काम त्यांच्याकडे राहिले. या भागात त्यांना ‘स्क्रीन लास’ म्हणत. ‘लास’ म्हणजे मुलगी. डोक्याला घट्ट फडके बांधून, धुळीत उभ्या राहून त्या सरकत्या पट्ट्यावरचा कोळसा निवडीत. आपल्या घरी आई सुपात तांदूळ निवडते, तीच क्रिया. फक्त येथे खड्याऐवजी धोंडा आणि उन्हाऐवजी काजळी. व्हाइटहेवनजवळच्या एका खाणीवर असे काम करणाऱ्या अखेरच्या स्त्रिया १९७२ साली कामावरून कमी झाल्या, इतकी ही गोष्ट अलीकडची आहे. बंदरालगत खाणकामगारांचे जे शिल्प उभारले आहे, त्यात पुरुषांच्या शेजारी स्क्रीन लासही उभी आहे. तिच्यापाशी क्षणभर थांबल्यावाचून पुढे जाऊ नका.

बंद केलेली वाट

बंदराच्या वरच्या अंगाला टेकडीवर एक दगडी धुराडे उभे आहे. आकार मेणबत्तीच्या दिवठणीसारखा. म्हणून त्याचे नावही ‘कँडलस्टिक’ असेच पडले. वास्तुशिल्पी सिडनी स्मर्क यांना जमीनदारांनी जेवणाच्या टेबलावरील दिवठण दाखवून ‘असे बांधा’ म्हणून सांगितले, अशी गावात आख्यायिका आहे. वेलिंग्टन नावाच्या खाणीची ही खूण. आज त्या हिरवळीवर मुले पतंग उडविताना दिसतील. परंतु ११ मे १९१० च्या रात्री याच जागी हजारो माणसे उभी होती.

त्या सायंकाळी साडेसात-पावणेआठच्या सुमारास वेलिंग्टन खाणीत, समुद्राखाली दूरवर, स्फोट होऊन आग लागली. थोडी माणसे कशीबशी निसटली. बाकीची आगीच्या पलीकडे अडकली. श्वसनयंत्रे लावून शोधपथके पुन्हा पुन्हा खाली गेली. पण आग आणि वायू यांनी त्यांना परतविले. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांपुढे एकच प्रश्न होता. आगीला हवा मिळत राहिली तर दुसरा स्फोट होणार आणि शोधपथकेही जाणार. हवा बंद केली तर आग विझेल, परंतु पलीकडे कोणी जिवंत असेल तर त्याचीही हवा बंद होईल. अखेर वाट भिंत बांधून बंद करण्याचा निर्णय झाला. वर उभ्या असलेल्या बायकांना, बापांना, भावांना तो सांगण्यात आला तेव्हा काय झाले असेल, याची कल्पना आपणच करावी.

त्या खाणीत एकंदर १३६ माणसे व मुले मरण पावली. खाण पुन्हा उघडून देह बाहेर काढण्यास काही महिने लागले. तेव्हा आत एका दारावर खडूने लिहिलेला मजकूर सापडला. चार वाजता त्या वाटेत पस्तीस माणसे व मुले सुखरूप आहेत, असा त्याचा आशय होता. स्फोटानंतर कित्येक तासांनीही ती माणसे जिवंत होती, व्यवस्थित एकत्र होती, आणि मागून येणाऱ्यांना वाट चुकू नये म्हणून निरोप लिहून ठेवीत होती.

निर्णय घेणाऱ्यांना दोष देणे आज सोपे आहे. परंतु आपण त्या घोळक्यात उभे आहोत अशी कल्पना करून पाहिले की निवाडा करण्याचे धैर्य होत नाही. खरा प्रश्न त्या रात्रीचा नव्हताच. दुसरी सुरक्षित वाट, पुरेशी हवा, गावातच सज्ज असलेले बचावपथक या गोष्टी अपघाताच्या रात्री निर्माण करता येत नाहीत. त्या आधीच असाव्या लागतात, आणि त्यांचा खर्च आधीच करावा लागतो.

१५ ऑगस्टची ती सायंकाळ

आता बंदराच्या उत्तर टोकाला, स्थानकाच्या बाजूस परत येऊ. विल्यम खाण येथे होती. १ जानेवारी १९४७ रोजी ब्रिटनमधील कोळशाच्या खाणी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या होत्या. या खाणी आता जनतेच्या वतीने चालविल्या जातात, अशा अर्थाच्या पाट्या देशभरच्या खाणींवर झळकल्या होत्या. पिढ्यान्‌पिढ्या मालकांशी झगडलेल्या कामगारांच्या दृष्टीने तोही एक स्वातंत्र्यदिनच होता. आणि त्याच वर्षी, आपल्या स्वातंत्र्यदिनी, ही दुर्घटना घडली. दगड पाडण्यासाठी उडविलेल्या सुरुंगाने साठलेल्या खाणवायूने पेट घेतला. १०४ माणसे गेली. आता कोणी वाचणार नाही असे सर्वांना वाटू लागले असतानाच, सुमारे वीस तासांनी, तिघे कामगार अंधारातून चालत बाहेर आले. त्यांना पाहून प्रत्येक घराची आशा पुन्हा जागी झाली असेल. आणि तिघांवाचून आणखी कोणी आले नाही, तेव्हा ती दुसऱ्यांदा विझली असेल.

मालक बदलला म्हणून वायूचा स्वभाव बदलत नाही, हा या घटनेचा कठोर धडा. पाटी कोणाचीही असो, खालची हवा रोज तपासावी लागते. आपल्याकडे खाणींचे राष्ट्रीयीकरण १९७१ ते १९७३ या वर्षांत झाले, आणि त्यानंतर २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत पाणी घुसून पावणेचारशेच्या आसपास कामगार बुडाले. व्हाइटहेवनच्या कामगारांना आयुष्यभर भय होते ते डोक्यावरच्या समुद्राचे, आणि मारले वाऱ्याने. चासनाला समुद्रापासून दूर, आणि तेथे मारले पाण्याने. संकट कोणत्या रूपाने येईल हे सांगता येत नाही, म्हणूनच सावधगिरी सर्व दिशांनी ठेवावी लागते.

खाण मिटल्यावर

शेवटची मोठी खाण हेग. पहिल्या महायुद्धाच्या काळात ती खणली गेली, म्हणून सेनापती हेग यांचे नाव तिला दिले. तिनेही १९२२ साली ३९ आणि १९३१ साली २७ बळी घेतले. १९८४-८५ चा कामगारांचा प्रदीर्घ संप फसला, आणि १९८६ मध्ये हेग बंद झाली. त्याबरोबर साडेतीनशे वर्षांचा एक व्यवसाय संपला. कड्यावरील तिच्या यंत्रघरात पुढे काही वर्षे खाणींचे संग्रहालय चालले. २०१६ मध्ये तेही बंद पडले.

गाव मग कशावर जगले? साबणाची रसायने करणारा एक मोठा कारखाना होता. तो २००५ मध्ये बंद झाला. दक्षिणेस थोड्या मैलांवर सेलाफिल्ड हे अणुऊर्जेचे केंद्र आहे. १९५६ साली तेथील कॅल्डर हॉल येथून राष्ट्रीय जाळ्याला अणुवीज मिळू लागली. ते वीजकेंद्र २००३ मध्ये थांबले. परंतु जुन्या अणुसामग्रीची निरवानिरव करण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या पुरेल इतके असल्याने हजारो कुटुंबांची चूल आजही त्यावर पेटते. कोळशाची जहाजे ज्या बंदरात दाटीने उभी राहत, तेथे आता हौशी लोकांच्या नौका डुलत असतात. येथून सायकलींवरून देशाच्या दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत जाण्याचा एक प्रसिद्ध मार्ग सुरू होतो; निघण्यापूर्वी सायकलीचे मागचे चाक समुद्राच्या पाण्यात भिजविण्याची प्रवाशांची रीत आहे.

तरीही कोळशाचा विषय संपला असे समजू नका. पोलादासाठी लागणारा कोळसा काढण्याकरिता त्याच रासायनिक कारखान्याच्या जागी नवी खाण काढण्याची योजना पुढे आली. डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने तिला संमती दिली. सप्टेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने ती संमती रद्द केली. गावात यावर दोन तट पडले. एक म्हणे, आमच्या मुलांना पाचशे नोकऱ्या मिळत होत्या. दुसरा म्हणे, त्या कोळशाच्या धुराने उद्याच्या मुलांचे हवामान बिघडणार. दोन्ही बाजू मुलांचेच नाव घेत होत्या, आणि दोघांच्याही मनात ते खरेच होते. बाहेरच्या माणसाने या वादात घाईने न्यायाधीश होऊ नये. पण एक गोष्ट निःसंशय आहे : जेव्हा खाण मिटते तेव्हा पुढचे काम कोणते, हे जर आधी ठरले नसेल, तर तो प्रश्न चाळीस वर्षांनीही दारात उभा राहतो.

परत निघताना

वाचकहो, आपल्यापैकी कोणी चंद्रपूर, बल्लारपूर, वणी या परिसरात राहत असतील, कोणी नोकरीनिमित्त झारखंड वा छत्तीसगडच्या कोळसापट्ट्यात असतील. आपल्या गावची खाण आज चालू असेल. पगार वेळेवर होत असेल, बाजार भरत असेल. व्हाइटहेवनचा बाजारही असाच भरत होता. कोणतीही खाण अक्षय नसते. कोळसा संपतो, किंवा तो काढणे परवडेनासे होते, किंवा जग दुसरे इंधन शोधते. तो दिवस येण्यापूर्वी मुलांना दुसरे हुन्नर शिकविणे, खणलेली जमीन पूर्ववत करणे आणि गावासाठी दुसरा उद्योग आणणे ही कामे हाती घ्यावयाची असतात. ती केवळ सरकारची नव्हेत; शाळेची, पंचायतीची, कामगार संघटनेची आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचीही आहेत.

आणि एक लहानशी विनंती. येत्या १५ ऑगस्टला सकाळी आपण झेंड्याला वंदन कराल, मुलांच्या हाती खाऊ द्याल. रात्री सव्वादहाच्या सुमारास घरातील दिवे मालविण्यापूर्वी क्षणभर थांबा. त्या दिव्यांतील वीज कोठून आली आणि आपल्याच देशात या क्षणी रात्रपाळीला कितीजण जमिनीखाली उतरले असतील, हे मुलांना सांगा. जमल्यास त्या दूरच्या गावच्या १०४ जणांचीही गोष्ट सांगा. आपल्या आनंदाच्या दिवशी ते कामावर गेले होते, आणि घरी परतले नाहीत.